जळगावच्या मे महिन्यात कॉम्प्युटरला वॉटर कूलिंग: लावावं का, आणि लावलं तर कसं

प्रश्न थोडक्यात असा. जळगावचे एक जण लग्नांच्या फिल्म एडिट करतात. मशीन दोन वर्षांचं: कोअर आय७-१३७००के प्रोसेसर, आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसरवर एका टॉवरचा, म्हणजे धातूच्या पट्ट्यांच्या एका उभ्या ठोकळ्याचा, दोन फॅनचा साधा एअर कूलर. ऐन लग्नसराईत, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, मोठी फिल्म एक्स्पोर्टला (एडिट झालेल्या फिल्मची अंतिम फाइल बनवायला) टाकली की प्रोसेसर १०० अंशांना टेकतो, फॅन बोंबलतात आणि एक्स्पोर्ट रेंगाळतो. दुकानदार म्हणतो ३६० चा, म्हणजे तीन फॅनच्या रेडिएटरचा, लिक्विड कूलर टाका. मेहुणे म्हणतात करंट आणि पाणी एका डब्यात ठेवू नका. मुलाला पारदर्शक नळ्यांचं कस्टम लूप, म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जोडलेलं वॉटर कूलिंग, करायचंय. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, त्यांनी विचारलंय: "वॉटर कूलिंगने खोलीही थोडी गार राहील ना?"

मी या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातच अडकली आहेत.

नाही, खोली गार राहणार नाही. प्रोसेसर २०० वॉट वीज खात असेल तर २०० वॉट उष्णता बाहेर पडणारच, आणि ती हवेच्या कूलरने पडो की पाण्याच्या, पडते तुमच्याच खोलीत. एक्स्पोर्ट चालू असताना तुमचं अख्खं मशीन सहज ३५०-४०० वॉट ओढत असेल. म्हणजे मे महिन्यात दार लावून तुम्ही ४०० वॉटची शेगडी पेटवून बसलाय. पाण्याने त्यातला एक वॉटही कमी होत नाही. पंपाचे दोन-चार वॉट वाढतात, तेवढंच.

मग पाणी करतं काय? हमाली. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला साधारण ४२०० ज्यूल लागतात, तेवढ्याच आकारमानाच्या हवेला जेमतेम सव्वा. म्हणून पाणी प्रोसेसरच्या डोक्यावरून ओझं झटकन उचलतं आणि पेटीच्या कडेला, जिथे मोठा रेडिएटर बसवायला जागा असते, तिथे नेऊन टाकतं. पण तिथून पुढे ते ओझं शेवटी हवेलाच उचलावं लागतं. हवा ३८ अंशांची असेल तर कितीही महाग रेडिएटर आणा, पाणी ३७ ला येणार नाही. लूप चालू असताना पाणी खोलीपेक्षा आठ-दहा अंश वरच राहतं. तुमच्या खोलीत ते ४६ ते ४८ असेल. त्याला "कूलिंग" म्हणायचं हीच गंमत आहे.

मी नागपुरात अठरा वर्षं मशीन जोडतोय. आमच्याकडे "कूलर" म्हटलं की खिडकीतला वाळ्याचा कूलर डोळ्यांसमोर येतो, कॉम्प्युटरचा नाही. तो शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ढोबळ हिशोब. माझ्या टेबलावर या प्रोसेसरला चांगला ३६० चा लिक्विड कूलर लावला तर दर वॉटमागे तापमान खोलीपेक्षा सुमारे ०.२७ अंशाने चढतं. चांगल्या दुहेरी टॉवरच्या एअर कूलरला ०.३० धरा. १८० वॉटवर पहिल्याचे ४९ अंश होतात, दुसऱ्याचे ५४. दहा-पंधरा हजार आणि चार हजारांच्या वस्तूंमधला फरक पाच अंश. आता खोलीचं तापमान मिळवा. ३८ च्या खोलीत लिक्विड ८७ ला, एअर ९२ ला. खोली ३० वर आणली तर लिक्विड ७९ ला, एअर ८४ ला. म्हणजे ३० च्या खोलीतला चार हजारांचा कूलर ३८ च्या खोलीतल्या पंधरा हजारांच्या कूलरपेक्षा गार चालतो.

आणि २५३ वॉट, म्हणजे या प्रोसेसरसाठी इंटेलने दिलेली वरची मर्यादा, ३८ च्या खोलीत धरली तर लिक्विडवरही हिशोब १०६ ला जातो. १०६ तुम्हाला कधी दिसणार नाहीत, कारण १०० ला प्रोसेसर स्वतःच वेग कापतो. दिसतं ते १०० आणि रेंगाळणारा एक्स्पोर्ट. थोडक्यात, ३६० चा कूलर बसवला आणि बाकी कशाला हात लावला नाही, तर पुढच्या मे महिन्यात स्क्रीनवर आकडा तोच. असे दोन-तीन ग्राहक दर उन्हाळ्यात माझ्याकडे येतात. चेहऱ्यावर "कूलर डुप्लिकेट निघाला" असा भाव असतो. कूलर खरा असतो, हिशोब कुणी सांगितलेला नसतो.

म्हणून पहिला खर्च खोलीवर. तुमच्याकडची कोरडी हवा ही मोठी सोय आहे. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना ओल्या पडद्यातून जाणारी हवा २७-२८ पर्यंत उतरू शकते, कारण पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. चांगला डेझर्ट कूलर आणि समोरची खिडकी उघडी, एवढ्यावर खोली ३०-३१ ला येते. खिडकी उघडी हवीच, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठतो आणि कूलर निकामी होतो. मात्र कूलरचा झोत मशीनवर सरळ घेऊ नका. झोतातून बारीक तुषार येतात, बोअरचं पाणी असेल तर त्यात क्षार असतात, आणि सहा महिन्यांत फॅनच्या पात्यांवर, ग्राफिक्स कार्डाच्या पट्ट्यांवर पांढरी पूड बसते. मशीन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. (रत्नागिरीच्या कुणी हे वाचून कूलर घेऊ नये. तिथल्या हवेत पाणी आधीच भरलेलं असतं, तिथे एसीच.) एसी असेल तर तोही हिशोब सोपा आहे: एक टनाचा एसी साधारण ३५०० वॉट उष्णता उपसतो, त्यातला नववा हिस्सा तुमचं मशीन खाणार.

दुसरी गोष्ट फुकट आहे. तुमच्या फोटोत मशीन टेबलाच्या खालच्या कप्प्यात दिसतंय, दारासकट. सुतार हा कप्पा "सीपीयूचा" म्हणून हौसेने करतो आणि त्याला वाटतं मागे तार जाण्यापुरतं भोक पाडलं की झालं. मशीन मागून जी गरम हवा फेकतं, तीच पुढून पुन्हा ओढतं. असल्या कप्प्यात खोलीपेक्षा आठ-आठ, दहा-दहा अंश जास्त मोजलेत मी. खोली ३८, कप्पा ४७. त्यात ३६० चा रेडिएटर ठेवला तरी तो ४७ ची हवाच खाणार. मशीन बाहेर काढा, जमिनीपासून वीतभर वर ठेवा, मागे भिंतीपासून फूटभर जागा सोडा.

आणि जळगाव म्हणजे कापूस. जिनिंगच्या आसपासच्या भागातून आलेलं मशीन मी न बघता ओळखतो, कारण पुढच्या जाळीवर धूळ नसते, नमदा असतो. बारीक तंतू एकमेकांत गुंतून अशी गादी होते की नखाने सोलून काढावी लागते. ती काढा. ब्लोअर मारताना फॅन बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने गरगरला की बेअरिंग बिघडते आणि फिरणारी मोटर उलट बोर्डात वीज ढकलते.

आता बायोस, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणारा मदरबोर्डाचा सेटिंगचा पडदा. १३७००के जोडलेल्या कित्येक बोर्डांवर वीज-मर्यादा मुळातच मोकाट सोडलेली असते. बायोसमध्ये पीएल१ (सलग कामाची मर्यादा) आणि पीएल२ (थोड्या वेळाची मर्यादा) असे दोन आकडे सापडतील, तिथे ४०९५ किंवा ४०९६ वॉट दिसलं तर समजा की लगाम नाहीच. दोन्ही ठिकाणी १८० लिहा. माझ्या अनुभवात १०० मिनिटांचं काम त्याने १०७-१०८ मिनिटांना जातं. तुमच्याकडे प्रोसेसर आत्ताच तापून वेग कापतोय, त्यामुळे तुम्हाला तेवढाही फरक कळणार नाही. शेवटचे ७० वॉट हे असेच असतात. वेग थोडा वाढतो, उष्णता मात्र भरमसाट.

बायोस उघडलाच आहे तर अद्ययावतही करा, आणि हे टाळू नका. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या जास्त वॉटच्या डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये चुकीच्या, वाढीव व्होल्टेजमुळे चिप कायमची बिघडण्याचा दोष निघाला. ऑगस्ट २०२४ पासून कंपनीने मायक्रोकोडच्या (बायोसबरोबर येणाऱ्या, प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आणि डबाबंद प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून तीनची पाच केली. तुमचा प्रोसेसर त्या यादीत येतो. एक्स्पोर्ट नुसता रेंगाळत नसेल, मधेच बंद पडत असेल, निळा पडदा येत असेल, तर ते उष्णतेचं लक्षण समजून कूलर बदलत बसू नका. बिघडलेली चिप कितीही गार ठेवली तरी सुधारत नाही. बिल शोधून वॉरंटी मागा.

एडिटरच्या कामातली एक बारीक गोष्ट इथेच सांगतो. एक्स्पोर्टच्या खिडकीत "हार्डवेअर एन्कोडिंग" निवडलेलं आहे का बघा. तुमच्या ४०७० मध्ये व्हिडिओ एन्कोड करायला वेगळं सर्किट आहे. ते सोडून प्रोसेसरकडून सॉफ्टवेअरने एन्कोड करून घेणारे लोक मी पाहिलेत, केवळ कुणीतरी कधीकाळी "क्वालिटी जाते" असं सांगितलं म्हणून. बिटरेट (दर सेकंदाच्या व्हिडिओला दिलेला डेटा) पुरेसा ठेवला तर वधूच्या मामालाच काय, तुम्हालाही फरक दिसणार नाही. इफेक्ट आणि कलरचं काही काम प्रोसेसरवर राहीलच, पण ओझं बरंच उतरतं.

एवढं झालं की कूलर उघडून पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये उष्णता वाहून न्यायला लावलेला लेप, बघा. तुमचा प्रोसेसर ज्यात बसतो त्या एलजीए१७०० सॉकेटची एक खोड आहे. प्रोसेसर लांबट आहे आणि त्याला दाबणारी पट्टी फक्त मधोमध दाबते, त्यामुळे वरचं झाकण मधे किंचित खोल होतं आणि कूलर कडांवरच टेकतो. जुनी पेस्ट पुसण्याआधी तिच्याकडे नीट बघा: मधे जाड थर आणि वर-खाली घासून चकचकीत झालेलं असेल तर हाच दोष. त्यासाठी "कॉन्टॅक्ट फ्रेम" नावाची अॅल्युमिनियमची चौकट मिळते, हजाराच्या आत. मूळ पट्टी काढून ती बसवायची. चार-पाच अंश, कधी जास्तही उतरतात, म्हणजे हवा सोडून पाण्यावर जाण्याइतकाच फायदा. फक्त स्क्रू पिळून घट्ट करू नका. जास्त दाब पडला की रॅमचा एखादा चॅनेल गायब होतो आणि माणूस रॅम बदलत बसतो.

हे सगळं करूनही लिक्विड घ्यायचा का? काही जणांनी घ्यावा. थ्रीडी रेंडरिंगवाले, ज्यांना दिवसभर २३०-२५० वॉट खरोखरच लागतात आणि खोलीत एसी आहे. ज्यांच्या पेटीत १६० मिलिमीटर उंचीचा टॉवर मावत नाही ते. जे मशीन गाडीत घालून नेतात ते, कारण किलोभराचा टॉवर बोर्डावर लोंबत प्रवास करतो तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. आणि ज्यांना आवाज नकोय ते. पाण्याला तापायला वेळ लागतो, म्हणून छोट्या-छोट्या कामांना फॅन लगेच किंचाळत नाहीत. तुम्ही या यादीत आहात असं मला वाटत नाही, पण घेतलाच तर चार गोष्टी नीट करा.

माप. २४० मध्ये १२० मिलिमीटरचे दोन फॅन, म्हणजे २८८ चौरस सेंटिमीटर तोंड. २८० मध्ये १४० चे दोन, म्हणजे ३९२. ३६० मध्ये १२० चे तीन, म्हणजे ४३२. नावावरून २८० हा २४० चा शेजारी वाटतो, प्रत्यक्षात तो ३६० च्या जवळ आहे. पेटीत १४० चे फॅन बसत असतील तर २८० हा बऱ्याचदा शहाणपणाचा सौदा असतो, कारण दुकानदार तो सुचवतच नाहीत आणि तो पडून असतो.

जागा. बहुतेक बंद, म्हणजे कारखान्यातूनच भरून सील केलेल्या, लिक्विड कूलरमध्ये पंप प्रोसेसरवरच्या ठोकळ्यात असतो. आत थोडी हवा कारखान्यातूनच असते आणि वर्षागणिक नळ्यांच्या रबरातून पाणी सूक्ष्म प्रमाणात उडत जातं, तशी ती वाढते. हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. ती जागा पंप असता कामा नये, एवढाच नियम. रेडिएटर वरच्या छताला असेल तर प्रश्नच नाही. पुढे उभा लावला तर नळ्या खालच्या बाजूला घ्या आणि रेडिएटरचं वरचं टोक पंपाच्या वर आहे हे बघा. तळाला कधीच नाही. मशीन चालू करताना गुळण्या केल्यासारखा आवाज येतो आणि काही मिनिटांत थांबत नाही, अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा रेडिएटर कुठे आहे ते विचारतो.

वायर. पंपाची वायर पंपासाठी दिलेल्या पिनांवर आणि बायोसमध्ये पूर्ण वेगावर. फॅनच्या पिनांवर लावून वेग तापमानाला बांधला की पंप निम्म्या जिवाने चालतो. कूलर "खराब" म्हणून आलेल्यांपैकी कित्येक इथेच बरे होतात आणि मला पैसे मागायला संकोच वाटतो. (मागतो.)

चाचणी. पाच मिनिटांची चाचणी फसवते. आतलं पाणी पेलाभर असतं, पण ते, रेडिएटर आणि पेटीतली हवा असं सगळं मिळून स्थिर व्हायला वेळ लागतो. अर्धा तास पूर्ण भाराखाली चालवा आणि मग आकडा लिहा. दुकानात "बघा, ६५ अंश" दाखवतात ते दुसऱ्या मिनिटाचं असतं, वर एसी असतो.

कूलर जिवंत आहे की मेलाय हे ओळखायला मला सॉफ्टवेअर लागत नाही, दोन हात पुरतात. भार टाकायचा, दोन मिनिटं थांबायचं आणि दोन्ही नळ्या एकेका मुठीत धरायच्या. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल आणि २०० वॉट पडत असतील, तर जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यात तीन अंशांचाही फरक नसतो. हाताला दोन्ही नळ्या सारख्याच कोमट लागल्या पाहिजेत. एक चटका देते आणि दुसरी थंडगार आहे, म्हणजे पाणी फिरत नाही. एक तर पंप गेला, नाहीतर ठोकळ्यातल्या तांब्याच्या पट्ट्यांमध्ये गाळ अडकला. त्या पट्ट्यांमधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते, तिथे थोडासा चिखलही पुरतो. असा कूलर बायोसच्या पडद्यावरसुद्धा मिनिटभरात ९० पार करतो. बहुतेक बंद कूलर उघडून भरायची सोय नसते. पाच-सहा वर्षांनी तो संपला असं धरून चाला. एअर कूलरमध्ये तोवर फार तर एक फॅन बदलावा लागतो. धातूचा ठोकळा तुमच्या मुलालाही पुरेल.

आता मेहुण्यांची भीती. ती खोटी नाही, पण क्रम चुकलाय. बंद कूलरमध्ये पंप मरणं किंवा चोंदणं हे गळण्यापेक्षा कितीतरी जास्त दिसतं. गळती मात्र झाली की महाग पडते, कारण ठोकळ्याच्या बरोबर खाली ग्राफिक्स कार्ड आडवं झोपलेलं असतं. काही वर्षांपूर्वी एक मशीन आलं, "कधी कधी डिस्प्ले जातो" एवढीच तक्रार. कार्ड काढून पालथं केलं तर पाठीच्या पत्र्याखाली हिरवट-पांढरा थर, बॅटरीच्या टोकांवर साचतो तसला. नळीच्या गळ्याशी महिनोन्महिने केसाएवढी ओल येत होती. पूर कधी आलाच नाही. शुद्ध पाणी विजेचं वाईट वाहक असतं हे खरं, पण धुळीवर सांडलेलं पाणी शुद्ध उरत नाही. म्हणून लिक्विड असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी कागदी नॅपकिन घेऊन नळीच्या दोन्ही टोकांशी टिपून बघा. काही कंपन्या गळतीने झालेल्या इतर भागांच्या नुकसानाचीही भरपाई देतात, काही देत नाहीत. घेण्याआधी वॉरंटीचा तो परिच्छेद वाचा. आणि मेहुण्यांना सांगा, पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म हा महासंगणक २०१९ मध्ये बसवला तो असाच प्रोसेसरपर्यंत द्रव नेऊन गार ठेवतात. फरक एवढाच की तिथे त्यावर लक्ष ठेवायला पगारी माणसं आहेत.

राहिला मुलगा आणि त्याचं कस्टम लूप. मला ते काम आवडतं, खोटं कशाला बोलू. पण ते मत्स्यालय पाळण्यासारखं आहे, देखणं आणि रोज नाही तरी दर वर्षी हात घालायला लावणारं. पंप, टाकी, दोन रेडिएटर, दोन ठोकळे, फिटिंग असं धरून ४०-५० हजारांच्या खाली मी कुणाला आकडा सांगत नाही, आणि त्याने तुमचा एक्स्पोर्ट चांगल्या बंद कूलरपेक्षा फारसा लवकर होत नाही.

त्यात आपल्याकडे खरी मेख पाण्याची आहे. नळाचं किंवा बोअरचं पाणी तर नकोच. बादलीच्या काठावर जो पांढरा थर बसतो तोच त्या अर्ध्या मिलिमीटरच्या फटींत बसेल. आरओचं पाणीही नको, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) बुडवा, ४०-५० दाखवेल. डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी घ्या, मीटरवर ० ते २ आलं पाहिजे. इन्व्हर्टरवाल्याकडे मिळतं, पण "बॅटरीचं पाणी" एवढंच मागू नका, त्या नावाखाली आम्लही हातात पडू शकतं. नुसतं शुद्ध पाणीही पुरत नाही. त्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक लागतो, नाहीतर पारदर्शक नळीत तिसऱ्या महिन्यात हिरवं दिसतं आणि तो रंग तुम्ही टाकलेला नसतो. इथिलीन ग्लायकॉलवालं द्रव गोडसर आणि विषारी असतं, घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर प्रोपिलीन ग्लायकॉलवालं बघा. दुधाळ, चमकीवाली रंगीत द्रवं फोटोपुरती. त्यातला रंग खाली बसतो आणि मग ठोकळा उघडून दात घासायच्या ब्रशने साफ करण्यात एक रविवार जातो.

धातू मिसळू नका. ठोकळे तांब्याचे असतील तर रेडिएटरही तांब्या-पितळेचा, अॅल्युमिनियमचा नाही. दोन वेगळे धातू एका पाण्यात जोडले की आपोआप बॅटरी तयार होते आणि अॅल्युमिनियम खाल्लं जातं. स्वस्त ऑनलाइन किटमध्ये हाच घोळ असतो. नळ्या तापवून वाकवायच्या असतील तर अॅक्रिलिक घ्या. पीईटीजी वाकवायला सोपं, पण ५५-६० अंशांच्या पाण्याजवळ फिटिंगशी मऊ पडू लागतं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात एखादा फॅन बंद पडला तर पाणी तिथे पोचायला वेळ लागत नाही. भरल्यावर मशीनला वीज न देता फक्त पंप दिवसभर चालवा, प्रत्येक जोडाखाली कागद ठेवून.

एक माठाची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. इंजिनिअरिंगचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. कल्पना अशी: टाकीऐवजी लाल माठ ठेवायचा, पाणी माठातून फिरवायचं. माठ पाझरतो, पाणी वाफ होतं, म्हणजे पाणी खोलीपेक्षाही गार! मी हसलो, मग गप्प झालो, कारण तत्त्व चुकीचं नव्हतं. रेडिएटरला जे कधीच जमत नाही ते माठाला जमतं. आम्ही कागदावर हिशोब केला. एक ग्रॅम पाणी वाफ व्हायला साधारण २४०० ज्यूल घेतं. २५० वॉट फेकायचे तर तासाला सुमारे ३७५ मिलिलिटर पाणी उडायला हवं, म्हणजे आठ तासांत तीन लिटर. घरचा माठ दिवसभरात त्याच्या जवळपासही पाझरत नाही. वरून मातीचे कण आणि क्षार सगळे फटींत. तो म्हणाला, "मग आठ माठ लावू." मी त्याला वाळ्याच्या कूलरकडे बोट दाखवलं. आठ माठांचं काम तो करतोच, फक्त खोलीला करतो, मशीनला नाही.

तुमच्या मुलालाही करू द्या, पण दिवाळीच्या सुट्टीत, जुन्या मशीनवर. ज्या मशीनमध्ये कुणाच्या तरी लग्नाचं फुटेज आहे आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नाही, तिथे हौस नको.

तुम्ही आत्ता एवढं करा. मशीन कप्प्यातून काढा, जाळी साफ करा, बायोसमध्ये १८० लिहा, आणि मशीनच्या पुढच्या जाळीपाशी साधा थर्मामीटर टांगून अर्धा तास एक्स्पोर्ट चालवा. प्रोसेसरच्या आकड्यातून थर्मामीटरचा आकडा वजा करा. प्रोसेसर खरोखर १८० वॉट ओढत असताना हा फरक ६० च्या आसपास आला तर तुमचा आत्ताचा कूलर त्याचं काम करतोय आणि पैसे खोलीवर घाला. ७० च्या वर आला तर पेस्ट, चौकट किंवा कापूस, यातलं काहीतरी राहिलंय. तो आकडा आणि कूलर काढल्यावरचा पेस्टचा फोटो पाठवा, मग बघू.